फणी काढली की काय होतं?

कापडाच्या कलेबद्दल कुणीही लिहिलं की 'कौटुंबिक वारसा' हा शब्द येतोच. आजीची गोधडी, आजोबांचा माग, गावाकडचे रंग. सगळं खरं असतं, पण त्यातून कामाबद्दल काय कळतं? पीएचडीचे कच्चे प्रस्ताव वाचतानाही मला हेच दिसतं. विषय अगदी जिव्हाळ्याचा, प्रश्न मात्र गायब.

म्हणून आज मोनिका कोरिया यांच्याबद्दल. जन्म १९३८, मुंबई. शिकल्या मायक्रोबायोलॉजी (आपल्यातल्याच म्हणायच्या!). १९६२ मध्ये अमेरिकेत त्यांना मारियान स्ट्रेंगेल यांनी विणकामाची वाट दाखवली. पुढे मुंबईच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये हात बसला. स्ट्रेंगेल मूळच्या हेलसिंकीच्या, आर्किटेक्टची मुलगी. क्रॅनब्रुकला त्यांनी कित्येक वर्षं विणकाम शिकवलं. म्हणजे इथे वारसा आला तो गुरूकडून. आणि गुरूचा वारसा तपासून बघता येतो, मोडताही येतो.

कोरियांनी नेमकं तेच केलं. हातमागावर फणी असते. ती उभे धागे सारख्या अंतरावर धरते आणि आडवा धागा ठोकून बसवते. कापड सरळ येतं ते तिच्यामुळे. कोरियांनी विणता विणता फणी काढून टाकायला सुरुवात केली. मग उभे धागे सरकतात, एकमेकांकडे झुकतात, लांब जातात. माग तोच, एकच गोष्ट बदलली. प्रयोगशाळेत आपण याला व्हेरिएबल म्हणतो.

गोधडीला कमी लेखायचं नाही हं. आमच्या मुलुंडच्या घरातली गोधडी उलटून बघितली तर धावदोऱ्याच्या ओळी किती जवळ घ्यायच्या, याचं पक्कं गणित दिसतं. अंतर वाढलं की आतले जुन्या लुगड्यांचे थर सरकतात. हा खरा अभ्यासाचा विषय. 'मायेची ऊब' एवढं लिहून आपण तो बंद करून टाकतो.

कोरियांबद्दल माझी एक तक्रार आहे. न्यूयॉर्कच्या 'मोमा'च्या संग्रहात त्यांचं १९७२ चं 'ओरिजिनल सिन' आहे. असं शीर्षक वाचलं की बघणारा बायबलमधली गोष्ट शोधत बसतो. फोटो मिळाला तर आधी शीर्षक झाका, आणि एकच उभा धागा वरपासून खालपर्यंत डोळ्यांनी धरून बघा. कुठे सुटतो ते सांगा.