'कोयता' आणि इंग्रजी सर्वनाम

बीडहून बारामती-इंदापूरच्या उसात येणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. उचल जोडीवर, हिशेब बहुधा नवऱ्याच्या नावे. आमचे विद्यार्थी या तोडणीवर इंग्रजी निबंध लिहितात, तेव्हा मजुराला सरसकट 'तो' या अर्थाचे 'ही' लावतात. (मराठीतली 'ही' मात्र बाई!) मोळ्या डोक्यावर वाहणारी दलित, भटकी बाई त्या वाक्यातून हद्दपार होते. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनसंहितेने २०१९ साली लिंगनिरपेक्ष, एकवचनी 'दे' मान्य केले. व्यक्तीचे लिंग अज्ञात असेल तिथे ते न्याय्यच. पण फडात कोण काय करते हे सगळ्यांना ठाऊक असते. 'कोयता' म्हटल्यानेही बाई-पुरुष कळत नाही, आणि त्याच शब्दाआड तिची मजुरी दडते. तेव्हा 'दे' लिहिण्यापूर्वी निबंधात दोन माणसे वेगळी दाखवा; उचलीवर अंगठा कोणाचा, तेही लिहा.