गज, कोपर आणि गालामियन

नोकरीच्या परीक्षांची पुस्तकं सोडली तर इंग्रजी पुस्तक मी सहसा शेवटपर्यंत वाचत नाही. बी.कॉम.ला तेवढंच लागतं, आणि बँकेत चिकटल्यावर तेवढंही लागत नाही. तरी इव्हान गालामियन यांचं 'प्रिन्सिपल्स ऑफ व्हायोलिन प्लेइंग अँड टीचिंग' हे १९६२ सालचं पुस्तक मी पार वाचलं. आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी व्हायोलिन शिकते आणि आमचं छत पातळ आहे, एवढं कारण पुरे.

गालामियन आर्मेनियन. जन्म १९०३चा, इराणातल्या तब्रीझचा. शिक्षण मॉस्कोला, मग पॅरिसला, आणि १९४६ पासून न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये मास्तरकी. इट्झाक पर्लमन आणि पिंकस झुकरमन त्यांच्याच हाताखालचे. असा माणूस नियमावली काढणार, हे मी धरूनच चाललो होतो. आमच्या हेड ऑफिसने तर परिशिष्टासकट काढली असती. पण हे गृहस्थ सुरुवातीलाच सांगतात की नियम पोराच्या भल्यासाठी. नियमाची शोभा वाढवायला पोर नव्हे. प्रत्येकाचा हात निराळा, तेव्हा त्या हाताला जे सहज जमतं ते बरोबर.

मला सगळ्यात आवडला तो गजाचा भाग. आवाज तीन गोष्टींवर ठरतो: गजाचा वेग, त्याचा दाब, आणि घोडीपासून किती अंतरावर तो तारेला लागतो. एक बदललात की उरलेल्या दोहोंत फेरफार करावा लागतो. नावे-जमा जुळलीच पाहिजे! शिवाय गज मुठीकडे जड आणि टोकाकडे हलका, म्हणून काही केलं नाही तर सूर टोकाकडे जाता जाता आपोआप बारीक होतो, पगारासारखा. आणि गज तर सरळ ओढायचा असतो. पण आपला हात सांध्यांवर फिरणारा, त्याला जन्मजात येतं ते गोल फिरणं. खांदा, कोपर, मनगट यांची गोल फिरणी एकमेकांत मिसळली की ती सरळ रेघ निघते.

हे वाचलं आणि वरचा आवाज मला निराळा ऐकू यायला लागला. त्या पोरीचे सर कोपर अंगाला चिकटवून ठेवायला लावतात. हललं की पट्टी. (युरोपातही एके काळी उजव्या काखेत पुस्तक धरायला लावत. ते न वाचता धरायचं.) कोपर बांधलं की गज टोकाला पोचेपर्यंत वाकडा होणार, घोडीपासून सरकणार, आणि सूर किंचाळणार. म्हणजे गेलं वर्षभर आम्ही ऐकतो आहोत ते त्या पोरीचं नाही, सरांच्या नियमाचं वाजणं आहे. आणि पोर रडते आहे ती आपल्याला कान नाही असं समजून.

आता पुस्तकाचे दोष. हसायला त्यात फारसं काही नाही. वाद्य धरण्याचा भाग आपल्या फार कामाचा नाही. आपल्याकडे मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून वाजवतात, म्हणजे डाव्या हाताला वाद्य सावरायचं काम राहत नाही आणि मींड घ्यायला तो मोकळा होतो. मींडेबद्दल गालामियनना विचारण्यात अर्थ नाही. आणि एक गोष्ट मला खटकते. एवढं सहजपणाचं सांगणाऱ्या या माणसाने १९४४ साली मेडोमाउंट नावाची उन्हाळी शाळा काढली. तिथे मुलांनी आपापल्या खोलीत तासन्‌तास घासायचं, आणि गुरुजी बाहेरून दाराला कान लावून फिरायचे. पुस्तकात मोकळीक आणि बोळात जमादार! पण दाराबाहेर उभा राहून ते ऐकत तरी होते. आमच्या सरांचं सगळं लक्ष कोपरावर.

गजाच्या प्रकरणाची झेरॉक्स काढून मी मुलीच्या वडिलांना नेऊन दिली. त्यांनी ती नीट चाळली, चष्मा काढला आणि विचारलं, "छान आहे हो. पण मे महिन्यातल्या परीक्षेला यातलं काही विचारतात का?"