एका तिरक्या रेघेची किंमत

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातील भाषाविषयक भाग पुष्कळांनी स्तुतीसाठी वाचला, पुष्कळांनी निषेधासाठी. मजकूर म्हणून तो क्वचितच वाचला गेला. वास्तविक कायदा असो वा धोरण, त्याची पारख त्यातील सद्भावनेवरून नव्हे, शब्दांवरून करावी लागते. या दृष्टीने त्यातील ४.११ हा परिच्छेद विशेष विचारार्ह आहे.

शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत व पुढेही, घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा, प्रादेशिक भाषा हे शिक्षणाचे माध्यम असेल, असे तेथे म्हटले आहे. मूळ इंग्रजी पाठात या चार संज्ञांमध्ये केवळ तिरक्या रेघा आहेत. जणू चारही एकाच वस्तूची नावे! परंतु बेळगावच्या मराठी मुलाची मातृभाषा मराठी, प्रादेशिक भाषा कन्नड. इंदूरच्या मराठी मुलाची प्रादेशिक भाषा हिंदी, बडोद्याच्या मुलाची गुजराती. गोव्यातील कित्येक हिंदू घरांत बोलणे कोंकणी आणि देवळातले भजन-कीर्तन मराठी. तेथेच मजुरीसाठी आलेल्या कुटुंबातील लमाणी बोलणारे मूल या दोहोंच्याही बाहेर. या मुलांना त्यांच्या घरी न बोलल्या जाणाऱ्या प्रादेशिक भाषेतून शिकविले, तरी धोरण पाळले असे अधिकाऱ्यास म्हणता येईल. रेघ लहान खरी, पण तिच्या आडून जबाबदारी सहज निसटते.

राज्यघटनेची भाषा याहून निश्चित होती. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५०-अ कलम ‘मातृभाषा’ हा एकच शब्द योजते, हक्कदार म्हणून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांचा स्पष्ट निर्देश करते, आणि आवश्यक वाटल्यास राज्यांना निदेश देण्याचा अधिकार राष्ट्रपतींस देते. त्याही आधी, १९४९ मध्ये, प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने आकडाच ठरविला होता: शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थी असतील, तर त्यांच्या मातृभाषेचा शिक्षक नेमावा. पालकास हा आकडा घेऊन मुख्याध्यापकांपुढे उभे राहता येत असे. तिरकी रेघ घेऊन कोणापुढे उभे राहावे?

मातृभाषा कोणती हे ठरविण्याचा अधिकार पालकांचा, सरकारचा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्या माध्यमविषयक प्रकरणात २०१४ साली सांगितले. त्यामुळे प्राथमिक वर्गांत मातृभाषेची सक्ती करण्याचा मार्ग सरकारला बंद झाला. मात्र सोय करून देण्याचे कर्तव्य त्यामुळे संपले नाही.

तथापि न्याय दोन्ही बाजूंना द्यावयास हवा. १९४९ चा नियम वर्गात दहा जण असलेल्यांना आधार देतो. ज्या वर्गात सहा भाषा आणि प्रत्येकीची चार-पाच मुले, तेथे तो मूक राहतो. आजचे वर्ग अनेक ठिकाणी असेच आहेत. घरची भाषा निराळी असू शकते हे नवे धोरण मान्य करते, आणि अशा मुलांसाठी द्विभाषिक पद्धतीचा व साहित्याचा अवलंब करण्यास शिक्षकांना प्रोत्साहन द्यावे, असे सांगते. हाच या परिच्छेदातील मोलाचा भाग होय. दोष इतकाच, की जेथे दायित्व हवे तेथे नुसते प्रोत्साहन आहे. प्रोत्साहनाला ना अंदाजपत्रकात रक्कम, ना विलंबाबद्दल कोणास जाब.

येथे आपल्यालाही एक कसोटी लागते. बेळगावात मराठी शाळेसाठी आपण जो युक्तिवाद करतो, तोच गोव्यातील लमाणी मुलासाठी करण्यास आपली जीभ अडखळत असेल, तर तो हक्काचा युक्तिवाद नव्हता, केवळ संख्येचा होता. संख्येचा युक्तिवाद प्रत्येक सीमेपलीकडे उलटतो. धोरणातील त्या चार शब्दांना स्वतंत्र अर्थ द्यावा आणि शाळेचे दायित्व लिहून ठेवावे, अशी मागणी करावयाची असेल, तर ती आपल्यापेक्षा थोडे असलेल्यांचे नाव आधी घेऊन करावी. तिचे खरे बळ त्यातच आहे.