विषम जोडीचे लावण्य

एएमडीच्या रायझेन ९ ९९५०एक्स३डी या प्रोसेसरच्या तपशिलात ‘एल३ कॅशे १२८ मेगाबाइट’ अशी एक ओळ असते. नजर तिच्यावरून सहज पुढे सरकते. आपण मात्र तिथेच थोडे रेंगाळू. या १२८ची वाटणी समसमान नाही. आठ-आठ कोअरच्या दोन चिपलेटांपैकी एकीच्या पदरात ९६ मेगाबाइट, तर दुसरीच्या पदरात अवघे ३२. तबल्या-डग्ग्याच्या जोडीसारखी ही विषमता हेतुपुरस्सर योजलेली आहे, आणि तिच्यातच या रचनेचे सारे मर्म आहे.

आधी ९६ची श्रीमंती पाहू. सेकंदाला १४४ चित्रे उमटवणाऱ्या गेममध्ये एका चित्राला जेमतेम ७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात कोण कुठे उभा आहे, कोणाची कोणाशी टक्कर झाली, हे सारे ठरवायचे असते. आणि त्यासाठी लागणारी माहिती कधी कुठली मागितली जाईल याचा नेम नसतो. दरवेळी रॅमपर्यंत धाव घ्यावी, तर कोअर नुसता ताटकळतो. मूळ ३२मध्ये भर घालणारा ६४ मेगाबाइटचा जादा थर ती माहिती त्याच्या हाताशी ठेवतो.

ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधल्या रेंडरचा स्वभाव निराळा, सोशिक. त्याचे काम सोळा कोअर आणि बत्तीस थ्रेडमध्ये बिनबोभाट वाटले जाते. जादा कॅशेची त्याला फारशी ओढ नसते, हात मात्र जितके अधिक तितके हवेच असतात.

आता त्या थराची जागा न्याहाळू. २०२३च्या ७९५०एक्स३डीमध्ये तो चिपलेटच्या माथ्यावर होता. कोअरची उष्णता कूलरकडे जाताना वाटेत अडे, म्हणून वेगाला लगाम घालावा लागे. २०२५च्या या आवृत्तीत थर कोअरच्या खाली गेला, कोअर कूलरच्या निकट आले, आणि टीडीपीची, म्हणजे उष्णता-भाराची, मर्यादा १२० वॉटवरून १७० वॉटवर पोहोचली. वरचे खाली झाले, आणि लगाम सैलावला!

या जोडीला जाणता सांगातीही लागतो. विंडोजने गेम ओळखला की काम कॅशे-समृद्ध चिपलेटकडे वळते आणि दुसरीचे कोअर विसावतात. रेंडर सुरू होताच सोळाही कोअर कामाला लागतात.

नुसते खेळणाऱ्याला आठ कोअरचा ९८००एक्स३डी पुरेसा, नुसते रेंडर करणाऱ्याला जादा थराविना ९९५०एक्स. परंतु दिवसा ॲनिमेशन घडवून रात्री गेममध्ये रमणाऱ्या रसिकासाठी निवड करताना दोन्ही गरजांची सरासरी काढण्याचा मोह होतो. या प्रोसेसरने ती काढली नाही, दोन्ही गरजांना आपापला पुरता मान दिला. आणि खरेदीच्या रुक्ष हिशेबातही रसिकतेला जागा असते, याचा प्रत्यय आपल्याला येतो तो इथेच.