देणगीची चौकट आणि चित्रातला माणूस

एखाद्या छायाचित्रकाराच्या आगामी प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका हाती येते. तळाशी एक ओळ असते : चित्रविक्रीतून येणारी रक्कम अमुक संस्थेच्या कार्यास दिली जाईल. ही ओळ वाचली की समीक्षकाची लेखणी बोथट होते. सत्कार्याला नावे कोण ठेवणार? माझ्या मते समीक्षेचे काम नेमके येथेच सुरू होते. दलित साहित्याने सहानुभूतीचे लेखन का नाकारले, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. मग भिंतीवर टांगलेल्या सहानुभूतीला वेगळी फूटपट्टी कशासाठी?

डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकर्तीचे ‘मायग्रंट मदर’ हे चित्र अनेकांनी पाहिलेले असेल. मार्च १९३६. कॅलिफोर्नियातील निपोमो गाव. वाटाण्याचे पीक गारठून गेलेले आणि कामाविना अडकलेल्या मजुरांच्या तळावर लेकरांना कुशीत घेऊन बसलेली बत्तीस वर्षांची बाई. लँग तेव्हा सरकारी खात्यासाठी काम करीत होती. तिने बाईचे वय विचारले, नाव विचारले नाही. चित्रे वृत्तपत्रात छापून आली आणि त्या तळावर सुमारे वीस हजार पौंड अन्न पोहोचले. तोवर ही बाई पोरांना घेऊन पुढच्या गावी निघून गेली होती. चित्राने पोटे भरली, पण चित्रातल्या माणसाचे नाही! फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव जगाला कळले ते १९७८ साली. ती चेरोकी वंशाची होती, हेही तेव्हाच. या चित्रापायी आपल्या पदरात काही पडले नाही, अशी तिची तक्रार होती. १९८३ मध्ये ती आजारी पडली, तेव्हा उपचारासाठी तिच्या मुलांना लोकांपुढे मदतीची याचना करावी लागली. पैसे जमले; त्याच वर्षी ती वारली. १९९८ साली याच चित्राची एक जुनी प्रत लिलावात २,४४,५०० डॉलरला गेली.

लँगला दोष देऊन भागत नाही. ती प्रामाणिक होती आणि तिच्या चित्राची ताकद मला मान्य आहे. दोष आहे तो रीतीचा. निनावी माणसावर दया करता येते. नाव असलेला माणूस हिशेब मागतो.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. आता कॅमेराच त्यांच्या हाती देतात. झाना ब्रिस्कीने कोलकात्याच्या सोनागाचीतील मुलांना कॅमेरे दिले, त्यांची चित्रे विकून शिक्षणासाठी पैसा उभा केला. त्यावरील ‘बॉर्न इन्टू ब्रॉथेल्स’ या २००४ च्या माहितीपटाला पुढच्या वर्षी ऑस्करही मिळाले. मुलांची काही चित्रे खरोखर चांगली आहेत. पण त्याच वस्तीत १९९५ पासून ‘दरबार महिला समन्वय समिती’ ही या मुलांच्या आयांसारख्या स्त्रियांचीच संघटना उभी आहे. तिला माहितीपटात जागा मिळाली नाही आणि यावर आक्षेपही घेतले गेले. उद्धारकर्त्याची कथा सांगायची, तर संघटित माणूस अडचणीचाच ठरतो.

आमच्या घरात पहिला फोटो आला तो माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी काढलेला. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते. आमच्यापैकी कोणी नव्हते. आजीचा तर फोटोच नाही. ज्यांच्या चेहऱ्यांनी कलादालने भरतात, त्यांची घरे बहुधा अशीच असतात.

म्हणून मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरची सुधारक ओलवे यांची कृष्णधवल चित्रे मला महत्त्वाची वाटतात. अकोल्यात जन्मलेल्या या छायाचित्रकाराला २०१६ साली पद्मश्री मिळाली. तो भाग वेगळा. त्यांचा कॅमेरा गटाराच्या तोंडापाशी थांबत नाही. तो कामगाराच्या मागे घरापर्यंत जातो, संसार पाहतो. हे काम करणारे जवळजवळ सारे दलितच का, हा प्रश्न तेथे आपोआप उभा राहतो. माझा एक आक्षेप मात्र आहे. काळ्या-पांढऱ्यात मैल्याचा रंग हरवतो, ओल्या अंगावर प्रकाश चमकतो आणि वातानुकूलित दालनातला रसिक छायाप्रकाशाचे कौतुक करून मोकळा होतो. त्याला मोकळे होऊ न देणे, हे प्रदर्शनाच्या मांडणीचे काम आहे. गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला, तो सफाई कर्मचारी आंदोलन न्यायालयात गेले म्हणून. २०२३ मध्ये न्यायालयाने ही रक्कम तीस लाख केली. ती देणगी नव्हे, देणे आहे. चित्राशेजारी हे का लिहू नये?

पुढच्या प्रदर्शनांच्या पत्रिकेत संस्थेच्या नावाआधी चित्रातल्या माणसाचे नाव यावे, अर्थात त्याची संमती असेल तर. विक्रीत त्याचा वाटा किती, तेही छापावे. आणि ही चित्रे काळा घोड्याला लागण्याआधी कामगारांच्या हजेरीच्या चौकीत लागावीत. तेथे कोणी बायकापोरांसह येईल, आपल्या चित्रापुढे उभा राहील आणि म्हणेल, ‘हे काढा.’ मग ते उतरवले गेले पाहिजे.