पाहुण्याच्या हातात स्टिअरिंग

आपल्याकडे गाडीची समीक्षा म्हणजे मायलेज, इंजिन, डिकीतली जागा आणि किंमत. आतल्या कळा, पडदे आणि मेन्यू यांना फार तर एक परिच्छेद मिळतो, तोही पडदा किती इंचांचा आहे हे सांगण्यापुरता. मला मात्र डॅशबोर्ड हा वाचायचा मजकूर वाटतो. सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे असेल, पण कुठलाही मेन्यू पाहिला की मला तीन प्रश्न पडतात: हे कोणासाठी लिहिलंय, त्या माणसाबद्दल काय गृहीत धरलंय आणि कोणाला वगळलंय? हे प्रश्न सगळ्यात आधी महागड्या गाड्यांना विचारायला हवेत. दीड कोटीच्या वस्तूत ‘परवडत नव्हतं म्हणून असं केलं’ ही सबब चालत नाही.

सुरुवात एका चांगल्या उदाहरणापासून करतो. ऐंशीच्या दशकातल्या मर्सिडीजच्या दारावर सीट पुढेमागे करण्यासाठी एक कळ असे. तिचा आकार सीटचाच. पाठ मागे रेलायला हवी असेल तर कळेची पाठ मागे ढकलायची, बैठक वर हवी असेल तर कळेची बैठक वर उचलायची. माहितीपुस्तिका नको, शब्द नकोत, भाषाही नको. डोनाल्ड नॉर्मन यांनी रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवर १९८८ साली लिहिलेल्या प्रसिद्ध पुस्तकात या कळेची तारीफ केली आहे. मराठीतला ‘कळ’ हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी लागू पडतो: दाबायची ती कळ, आणि बघताक्षणी कळते ती कळ.

या कळेचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. २०२० साली आलेल्या एस-क्लासच्या दारावर ती आहे, आकारही सीटचाच आहे. पण ती आता हलत नाही. ती जागच्या जागी घट्ट बसवलेली असते आणि बोटाचा दाब ओळखून सीट हलवते. म्हणजे आकार तेवढा राहिला आणि हालचाल गेली. बोटाला मिळणारं उत्तर गेलं. गेल्या पंचवीस वर्षांत महागड्या गाड्यांच्या आत जे घडलं, त्याचा सारांश या एका कळेत आहे.

या बदलाची ठळक खूण म्हणजे २००१ सालची बीएमडब्ल्यू ७ सिरीज. तिच्यात ‘आयड्राइव्ह’ आलं: दोन सीटच्या मधे एक गोल बटण, वर एक पडदा, आणि त्या एका बटणाच्या फिरवण्या-ढकलण्यातून पोहोचता येतील अशा शेकडो गोष्टी. त्यावर तेव्हा खूप टीका झाली. पण त्यामागची अडचण खरी होती. गाडीत करण्यासारख्या गोष्टी इतक्या वाढल्या होत्या की प्रत्येकीला एक कळ दिली असती तर डॅशबोर्ड विमानाच्या कॉकपिटसारखा झाला असता. चूक निराळीच होती. एकच बटण अनेक कामं करू लागलं की आत्ता ते कुठलं काम करणार आहे, हे बघण्यासाठी पडद्याकडे बघावंच लागतं. हात स्टिअरिंगवर असलेल्या माणसाची सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे त्याची नजर, आणि नेमकी तीच या व्यवस्थेने मागितली. २००८ च्या नव्या रूपात बीएमडब्ल्यूने त्या बटणाभोवती रेडिओ, नकाशा, फोन अशा थेट कळा बसवल्या, तेव्हा लोकांचा राग शांत झाला. आता कंपनीच्या अगदी नव्या गाड्यांतून ते गोल बटणच गेलंय.

हे असं का होतं, ते धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. पूर्वी कळ म्हणजे तार जोडणारी-तोडणारी वस्तू होती. बॉशने १९८६ मध्ये मांडलेली ‘कॅन’ नावाची जोडणी गाड्यांमध्ये रुळली आणि कळ ही निरोप पाठवणारी वस्तू झाली: ‘डाव्या खिडकीची काच खाली घ्या.’ एकदा निरोपच पाठवायचा म्हटल्यावर तो प्लास्टिकच्या कळेने पाठवला काय आणि पडद्यावरच्या चित्राने पाठवला काय, आतल्या संगणकाला फरक पडत नाही. कंपनीला मात्र पडतो. प्रत्येक कळेला साचा लागतो, जागा लागते, चाचण्या लागतात, आणि साचा तयार होण्याच्या आधी कोणीतरी ठरवावं लागतं की ही कळ हवी की नको. पडद्यावर हे ठरवणं पुढे ढकलता येतं.

पुढे ढकलण्याची जागा म्हणजे ‘सेटिंग्ज’. सॉफ्टवेअरच्या मीटिंगांमध्ये मी हे अनेकदा होताना पाहिलं आहे. दोन गटांचं एकमत होत नाही, जेवणाची वेळ झालेली असते, मग कोणीतरी म्हणतं, ‘सेटिंग देऊन टाकू, ज्याला जे हवं ते तो निवडेल.’ सगळे खूश होऊन उठतात. म्हणून मला सेटिंग म्हणजे बहुतेक वेळा न मिटलेला वाद वाटतो. आपल्याला न झालेला निर्णय आपण वापरणाऱ्याच्या अंगावर टाकतो आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतो. फोनमध्ये हे खपून जातं. ताशी शंभरच्या वेगाने जाणाऱ्या दोन टनांच्या वस्तूत खपत नाही.

या मजकुराचा सगळ्यात भव्य नमुना म्हणजे मर्सिडीज ईक्यूएसचा ‘हायपरस्क्रीन’. २०२१ साली तो जगापुढे आला, आणि २०२२ पासून ही गाडी आपल्या चाकणच्या कारखान्यात जोडलीही जाऊ लागली. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत पसरलेली १४१ सेंटिमीटरची वाकदार काच आणि तिच्याखाली तीन पडदे. त्यात ‘झिरो लेयर’ नावाची कल्पना आहे: मेन्यूत खोल शिरावंच लागू नये म्हणून गाडी तुमच्या सवयी लक्षात ठेवते आणि हवी ती गोष्ट आपणहून नकाशावर आणून ठेवते. कल्पना हुशार आहे, पण तिच्यात एक कबुली दडलेली आहे. मेन्यू इतका खोल झालाय की त्यातून माणसाला बाहेर काढायला आणखी एक यंत्रणा बसवावी लागली. शिवाय जी गोष्ट आज इथे आहे ती उद्या तिथे असेल, तर हाताला सवय लागणार कशाची? कळेची सगळी ताकद एका जागी राहण्यात असते. स्वयंपाकघरात मिठाचा डबा रोज ‘अंदाजाने’ हलवणाऱ्याला आपण हुशार म्हणत नाही.

पडद्याच्या बाजूनेही बोलायला हवं. मागचा कॅमेरा, नकाशा, चार्जिंगची माहिती ही कामं पडदाच करू शकतो. केबिनमधल्या दिव्यांचा रंग चौसष्ट छटांतून निवडायचा असेल तर चौसष्ट कळा कोणी मागणार नाही. माझा आक्षेप दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करण्याला आहे. एक सेटिंग: गाडी उभी असताना, निवांत, एकदाच करायची गोष्ट. दुसरं नियंत्रण: गाडी चालू असताना, आत्ता, या क्षणी करायची गोष्ट. दिव्याचा रंग हे सेटिंग. समोरच्या काचेवर धरलेली वाफ घालवणं हे नियंत्रण. दोन्ही एकाच काचेवर, एकाच आकाराच्या अक्षरांत लिहिली की मजकुराला स्वल्पविराम आणि किंकाळी यांतला फरक कळेनासा होतो.

याची किंमत मोजता येते. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाडीतल्या यंत्राकडे एका वेळी दोन सेकंदांहून जास्त बघावं लागू नये. ताशी १०० किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत गाडी सुमारे ५५ मीटर जाते. स्वीडनच्या ‘वी बीलेगारे’ या मासिकाने २०२२ मध्ये अकरा नव्या गाड्या आणि २००५ सालची एक जुनी व्होल्वो घेऊन एक चाचणी केली. चालकांना गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिला होता. मग ताशी ११० च्या वेगात सीट गरम करणं, तापमान वाढवणं, रेडिओ लावणं अशी साधी कामं सांगितली. कळांच्या जुन्या व्होल्वोत ती १० सेकंदांत, ३०६ मीटर अंतरात झाली. बीएमडब्ल्यू आयएक्सला ३० सेकंदांहून जास्त लागले. एमजीच्या एका गाडीला जवळपास ४५ सेकंद, म्हणजे १,३७२ मीटर. जर्मनीत २०२० मध्ये कार्ल्सरूहच्या उच्च न्यायालयाने पावसात वायपरचा वेग टचस्क्रीनवरून बदलताना रस्ता सोडून गेलेल्या टेस्लाच्या चालकाला झालेली शिक्षा कायम केली: २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण वायपरचा वेग काचेआड कोणी नेऊन ठेवला, हा प्रश्न त्या निकालात कोणाला विचारला गेला नाही.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. युरोपात ही चर्चा ‘मालक स्वतः गाडी चालवतो’ हे धरून चालते. आपल्याकडे या किमतीच्या पुष्कळ गाड्यांत मालक मागे बसतो. मागच्या पावसाळ्यात एका परिचितांच्या अशाच गाडीतून मी मुंबईला गेलो. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. खंडाळ्याच्या घाटात धुकं दाटलं, समोरची काच आतून पांढरी होऊ लागली. चालकाने पडद्याकडे न बघता बोटांनी तीन ठिकाणी टकटक केलं आणि काच साफ झाली. मी विचारलं, “काका, न बघता कसं जमलं?”

“पाठ केलंय,” ते म्हणाले. “पार्किंगमध्ये बसून. साहेबांचा मुलगा सेटिंग बदलून ठेवतो, मग परत पाठ करायचं.”

“मग तुमचं वेगळं प्रोफाइल करून घ्या ना. सीट, आरसे, सगळं तुमच्या मापाचं राहील.”

ते हसले. पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलं होतं, ते मला बोटाने दाखवलं. गेस्ट. “प्रोफाइल साहेबांच्या फोनवर आहे. मी चार वर्षं गेस्टच आहे.”

त्या गाडीत मालकाचं प्रोफाइल होतं, मालकिणीचं होतं, महिन्यातून एकदा गाडी नेणाऱ्या मुलाचंही होतं. रोज आठ तास जो माणूस त्या सीटवर बसतो, तो मजकुराच्या लेखी पाहुणा. हे कोणी मुद्दाम केलेलं नाही. प्रोफाइल बनवणाऱ्या माझ्यासारख्या कोणीतरी ‘गाडी घेणारा तोच चालवणारा’ असं एका ओळीत गृहीत धरलं, आणि त्या एका ओळीने एक आख्खा माणूस पुसला गेला.

जुन्या कळांचा डॅशबोर्ड इतका असभ्य नव्हता. गाड्यांवरच्या चिन्हांचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. वाफ घालवण्याचं चिन्ह, हाय बीमचा निळा दिवा, तेलाच्या दाबाचा लाल कंदील. जालन्यात टॅक्सीवर शिकलेला चालक जर्मन गाडीत बसला तरी ही लिपी त्याला वाचता येत होती. मेन्यूने त्या लिपीवर इंग्रजी शब्दांचे मजले चढवले. हाताच्या सवयींचाही असाच प्रश्न आहे. मारुतीत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते. मर्सिडीजमध्ये उजवीकडे गिअरची दांडी आहे, आणि इंडिकेटर-वायपर दोन्ही डावीकडे. वीस वर्षं उजव्या बोटाने वळणाची खूण देणाऱ्या माणसाचा हात वळताना कुठे जाईल, ते सांगायला नको. पण ही सवय मोडता येते, कारण दांडी उद्याही तिथेच असते. अपडेटमध्ये जागा बदलणाऱ्या चित्राची सवय मोडता येत नाही, कारण ती लागतच नाही.

आणि मालक तरी पूर्ण घरचा आहे का? जर्मनीत २०२१ मध्ये ईक्यूएसची मागची चाकं साडेचार अंशांपर्यंत वळत. दहा अंशांपर्यंत वळवायची तर वर्षाला ४८९ युरो. यंत्रणा गाडीत आधीपासूनच बसवलेली. बीएमडब्ल्यूने काही देशांत सीट गरम करण्यासाठी महिन्याचं भाडं लावलं, लोक चिडले, आणि २०२३ मध्ये कंपनीने तो बेत सोडला. सेटिंग्जच्या यादीत करड्या रंगात दिसणारी ओळ म्हणजे आपल्याच घरातली कुलूपबंद खोली. चालक मालकाचा पाहुणा, आणि मालक कंपनीचा.

हवा मात्र फिरते आहे. युरोपात गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि संकटकाळची हाक यांसाठी प्रत्यक्ष हाताला लागणारी कळ असेल तर गुण द्यायचं ठरवलं. फोक्सवॅगननेही स्टिअरिंगवरच्या स्पर्शपट्ट्या सोडून पुन्हा दाबता येणाऱ्या कळा बसवायला सुरुवात केली. ही आठवणीत रमणाऱ्यांची जीत मला वाटत नाही. निर्णय घेणं हे रचनाकाराचं काम होतं, ते त्याच्या टेबलावर परत आलं, इतकंच. आणि महागड्या वस्तूचं मोलही त्यातच असतं. रोल्स-रॉइसमध्ये एसीच्या चाकावर अंशांचे आकडे नसतात, निळ्याकडून लाल असा प्रवास असतो. हवेच्या झडपा ऑर्गनच्या खुंट्यांसारख्या ओढायच्या असतात. तिथे कोणीतरी तुमच्या आधी विचार करून ठेवलाय. पैसे त्या विचाराचे.

म्हणून गाडी बघायला जाणाऱ्यांना एक साधी परीक्षा सुचवतो. शोरूममध्ये गाडी उभी असते, ऊन नसतं, पाऊस नसतो, आणि सगळे पडदे सुंदर दिसतात. तिथून निघायच्या आधी जो रोज ती चालवणार आहे त्याला पुढे बसवा. नजर समोर ठेवायला सांगा आणि तीन कामं द्या: समोरच्या काचेवरची वाफ घालव, वायपर एक घर वाढव, एसी कमी कर. मग विक्रेत्याला विचारा, या माणसाच्या नावाचं प्रोफाइल बनतं का? उत्तर येईपर्यंत पडद्याची इंचं मोजू नका.