निवड झाली, पण केली कोणी?

मराठी वृत्तपत्रांचे क्रीडापान मी आवडीने वाचतो, आणि त्या पानाने आपल्या भाषेवर उपकारच केले आहेत असे मानतो. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडितांनी क्रिकेटचे धावते वर्णन मराठीत करून दाखवले. १९६२ साली निघालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये वि. वि. करमरकरांनी खेळाच्या बातमीला प्रतिष्ठा मिळवून दिली. तेव्हा मैदानावरच्या मराठीबद्दल माझे काही गाऱ्हाणे नाही. गाऱ्हाणे आहे ते मैदानाबाहेरच्या मराठीबद्दल, म्हणजे संघ निवडणाऱ्यांच्या आणि चालवणाऱ्यांच्या भाषेबद्दल. ही भाषा मोठी गुळगुळीत आहे, आणि तिच्यात कर्ता म्हणून सापडत नाही.

नमुने पाहा. कोणाची संघात ‘वर्णी लागते’, कोणाला ‘डच्चू मिळतो’, कोणाची ‘संधी हुकते’, तर कोणाला ‘विश्रांती देण्यात येते’. वर्णी लावली कोणी, डच्चू दिला कोणी, हे वाक्यात नसतेच. संधी हुकली म्हटले की चूक जणू त्या खेळाडूचीच! आणि फारच खोलात शिरलात तर ‘संघ व्यवस्थापनाचा निर्णय’ एवढे उत्तर मिळते. व्यवस्थापन हा शब्दच नपुंसकलिंगी. त्याला जाब विचारणार तरी कसा?

मराठीचा हा मूळ स्वभाव नव्हे. ‘निवडणे’ हे क्रियापद आपल्या स्वयंपाकघरातले आहे. तांदूळ निवडणारी गृहिणी ताट उजेडात घेऊन बसते. खडा निघाला तर तो बाजूला दिसतो, आणि जेवताना दाताखाली आला तर तांदूळ कोणी निवडले होते हे सगळ्या घराला ठाऊक असते. मुलांच्या खेळातही तसेच. दोघे जण पुढे होऊन आळीपाळीने भिडू मागतात, तोंडावर आणि नाव घेऊन. शेवटी उरलेल्या धाकट्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेतात. त्यात थोडा अपमान असेल, पण लपवाछपवी नाही.

सातारा-सांगलीकडच्या जत्रांतल्या कुस्त्यांनी तर या बाबतीत एक पुरी परिभाषाच घडवली. तिथे मल्ल ‘निवडला जात’ नाही, त्याची ‘जोड लावतात’. या एका शब्दात केवढा न्याय आहे! निवड एकट्याची होते. जोडीला मात्र समोर दुसरा लागतो, आणि तोही तोडीस तोड. पंच आणि वस्ताद मैदानात उभे राहून अंगलट पाहतात, नाव पाहतात, आणि जोड विजोड झाली तर भोवतीचे लोक तिथल्या तिथे बोलून दाखवतात. या भाषेने आपली लबाडीही झाकली नाही. संगनमताने खेळलेल्या कुस्तीला ‘नुरा कुस्ती’ असे नाव देऊन ती मोकळी झाली. ज्या भाषेत फसवणुकीला नाव आहे, तिच्यात फसवणे थोडे तरी जड जाते.

मग कर्ता हरवला कुठे? मला वाटते, निवड मैदानावरून बंद खोलीत गेली, तेव्हा. खाशाबा जाधवांचेच घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला होता. तरीही १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांना निवडीशीच झगडावे लागले. आपल्याला डावलले गेले अशी दाद त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे मागितली, पुन्हा कुस्ती झाली, आणि त्यांनी ती जिंकली. म्हणजे त्यांनी काय मागितले? जोड मागितली! पुढे त्यांनी स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक, कांस्यपदक, मिळवून दिले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, सांगलीत जन्मलेल्या विजय हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली भारताने मद्रासला आपला पहिला कसोटी विजय मिळवला होता. ‘कर्णधार’ म्हणजे सुकाणू धरणारा. नाव बुडाली तर बोट त्याच्याकडेच दाखवतात. हजाऱ्यांना तो शब्द शोभला. पण जे खाशाबांना डावलत होते, त्यांच्यासाठी आपल्या क्रीडापानाजवळ आजही शब्द नाही; ‘डावलले गेले’ एवढेच आपण लिहितो.

अलीकडे आणखी एक शब्द आला आहे: लिलाव. मूळ पोर्तुगीज असलेला हा शब्द सांगलीला शिकवायला नको. तिथल्या बाजारात हळदीचे लिलाव होतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत महिला क्रिकेटपटूंचा पहिला लिलाव झाला, आणि सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला बंगळूरच्या संघाने ३ कोटी ४० लाख रुपयांना घेतले. सांगलीकरांना अभिमान वाटला, मलाही वाटला. पण माणसाला हळदीच्या पोत्याचे क्रियापद लावताना जीभ जरा अडखळावी, असे मला वाटते. गंमत अशी, की एका बाबतीत हा बाजारी शब्दही ‘वर्णी लागली’पेक्षा सरळ आहे. लिलावात बोली कोणी लावली आणि किती लावली, हे जगाला दिसते. न्यायाच्या दृष्टीने निवड समितीची भाषा बाजाराच्याही मागे पडावी, ही गोष्ट भूषणावह नाही.

यावर काही वाचक म्हणतील, शब्द बदलून निवड थोडीच सुधारते? खरे आहे. पण शब्द सरळ झाला की प्रश्न तरी विचारता येतो. ‘अमुक समितीने अमुक खेळाडूला अमुक कारणासाठी वगळले’ हे वाक्य लिहायला बातमीदाराला चौकशी करावी लागेल, आणि समितीला कारण शोधावे लागेल. ‘संधी हुकली’ लिहायला दोघांनाही काहीच करावे लागत नाही.

आणि आता तर वाचणारेही वाढले आहेत. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी कुस्ती झाली, ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. त्याच वर्षी साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. त्यांच्या मागून येणाऱ्या मुली संघाची यादी छापून आली की आपले नाव शोधतील. ज्यांचे नाव त्यात नसेल, त्यांना ते कोणी आणि का गाळले, एवढे तरी त्याच पानावर स्वच्छ मराठीत वाचायला मिळावे.